हातचलाखी की कात्री?

पत्त्यांची जादू चित्रफितीवर पाहिली जाते आणि पाहता पाहता तिच्यावरून भांडण उभे राहते. प्रेक्षकाने सही केलेला बदामाचा राजा कॅटच्या मधोमध खुपसला जातो, जादूगार चुटकी वाजवतो आणि तोच पत्ता सर्वांत वर निघतो. दोन मिनिटांचा हा खेळ मागेपुढे फिरवून दहादा पाहिला जातो, हव्या त्या क्षणी गोठवला जातो, आणि मग घरात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत, लोकलच्या डब्यात तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष छातीठोकपणे सांगतो की हा सगळा कॅमेऱ्याचा खेळ आहे. दुसऱ्याच्या मते ही बोटांची करामत आहे, आणि ती नेमकी कोणत्या क्षणी झाली हे दाखवण्यासाठी तो फीत पुन्हा मागे नेतो. तिसरा पक्ष या दोघांनाही दटावतो. करमणूक आहे, करमणुकीसारखी पाहावी. प्रत्येक गोष्टीची चिरफाड करण्याची ही कसली खोड, असा त्याचा सवाल असतो.

रिकामटेकड्यांचा पोरखेळ म्हणून या वादाकडे दुर्लक्ष करण्याची सुशिक्षितांमध्ये प्रथा आहे. ती चुकीची आहे. जे दिसले ते खरोखर घडले काय, हा प्रश्न सामान्य माणूस स्वखुशीने, कोणी शिकवल्यावाचून आणि तावातावाने विचारतो, अशी स्थळे सार्वजनिक जीवनात फार थोडी उरली आहेत. पुढाऱ्याच्या सभेची फीत, बाबाच्या चमत्काराची फीत, एखाद्या दंगलीची म्हणून फिरवली जाणारी फीत यांच्यापुढे जो माणूस मान तुकवतो, तोच पत्त्यांच्या फितीपुढे मात्र संशयाने डोळे बारीक करतो. ही वृत्ती मोलाची आहे. म्हणूनच हा वाद व्हायला हवा आणि तो नीट व्हायला हवा. आज तो नीट होत नाही, याचा दोष पहिल्या आणि तिसऱ्या या दोन्ही पक्षांकडे जातो.

तिसऱ्या पक्षाचा समाचार आधी घेतला पाहिजे, कारण तो रसिकतेचा आव आणून प्रश्नालाच बंदी घालतो. जादूचे रहस्य विचारणे म्हणजे अरसिकपणा, असे म्हणणाऱ्यांना या कलेचा इतिहास ठाऊक नसावा. इंग्लंडात म्हाताऱ्या, निराधार बायकांना चेटकिणी ठरवून फासावर लटकवले जात होते, त्या काळात, १५८४ साली, केंट परगण्यातल्या रेजिनल्ड स्कॉट या गृहस्थाने ‘डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पत्ते, गोट्या आणि नाणी यांच्या युक्त्या इंग्रजीत उलगडून सांगणाऱ्या अगदी आरंभीच्या लेखनांत त्याची गणना होते. स्कॉटने हे सर्व करमणुकीसाठी लिहिले नव्हते. ज्याला लोक सैतानाची करणी समजतात ते बोटांच्या सरावाने साधते, हे त्याला दाखवायचे होते. तेवढ्या दाखवण्याने एखाद्या म्हातारीचा जीव वाचला तर वाचावा, हा त्याचा हेतू होता. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन कॉटारेस नावाच्या एका फ्रेंच माणसाच्या हातचलाखीची त्याने मुक्तकंठाने स्तुती केली आहे आणि हा माणूस जादूवर नव्हे तर घामाच्या कमाईवर पोट भरतो, असेही आवर्जून नमूद केले आहे. पत्त्यांच्या जादूची चिकित्सा ही अशा रीतीने एका मानवतावादी वादाच्या पोटी जन्माला आली. तिला अरसिक म्हणणाऱ्यांनी स्कॉटच्या काळातील त्या बायकांचे स्मरण ठेवावे.

आता रसभंगाचा मुद्दा. सही केलेला पत्ता पुन्हा पुन्हा वर येण्याच्या जादूमागची मुख्य युक्ती शतकभर पुस्तकांतून छापली गेली आहे. जादूगार वरचे एक पान उलटून दाखवतो असे वाटते; प्रत्यक्षात तो दोन पाने एकास एक चिकटवून एकच पान म्हणून उलटतो. प्रेक्षकाला दिसतो तो दुसरा पत्ता. दोन्ही पाने पुन्हा पालथी पडली की वरचे जे पान मधोमध खुपसले जाते ते भलतेच असते, आणि निवडलेला पत्ता आधीपासूनच वर बसलेला असतो. चुटकी वाजते तेव्हा काम उरकून गेलेले असते. एवढे कळल्याने काय बिघडले? उलट, दोन पाने एकाच पानासारखी, त्याच वजनाने, त्याच बेफिकिरीने उलटणे किती कठीण आहे हे ज्याला कळते त्याचेच डोळे त्या बोटांवर खिळतात. तबल्याचे बोल ओळखणारा श्रोता समेवर मान हलवतो, तेव्हा त्याचा आनंद न ओळखणाऱ्याहून कमी असतो असे कोणी म्हणत नाही.

शिवाय युक्ती ठाऊक असणे आणि ती घडताना दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणतीही जादू तीनदा पाहिली की आपण ती ओळखतो, अशी हॅरी हूदिनीची प्रौढी होती. १९२२ साली शिकागो शहरात डाय व्हर्नन या कॅनडाच्या तरुण जादूगाराने त्याला नेमका हाच खेळ दाखवला. पत्त्यावर खुद्द हूदिनीची आद्याक्षरे होती. तीनदाच काय, त्याहूनही अधिक वेळा दाखवूनही हूदिनीला तो उलगडला नाही, आणि हूदिनीला चकवणारा माणूस हे बिरुद व्हर्ननने पुढे जन्मभर मिरवले. हाच हूदिनी त्या दशकात प्रेतात्म्यांशी बोलण्याचा धंदा करणाऱ्या माध्यमांची बिंगे फोडत अमेरिकाभर हिंडत होता आणि १९२६ साली भविष्यकथनाच्या धंद्याला आळा घालण्यासाठी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देत होता. बाबाबुवांचे भक्त नेहमी विचारतात की मोठमोठ्यांनाही उलगडले नाही, मग तो चमत्कार नाही तर काय? त्यांना शिकागोतल्या त्या पत्त्याचा दाखला द्यावा. जगातल्या सर्वांत तरबेज नजरेला एक पान दिसले नाही. पण हूदिनी त्या रात्री घरी जाऊन व्हर्ननची पूजा करू लागला नाही.

तिसऱ्या पक्षाच्या तर्कात एकच मुद्दा वजनदार आहे, आणि तो रसिकतेचा नसून पोटाचा आहे. रहस्य हेच जादूगाराचे भांडवल, ते चव्हाट्यावर आणले तर त्याने खावे काय? या प्रश्नाची टर उडवता येत नाही. कायदाही त्याच्या मदतीला पुरेसा येत नाही. अमेरिकेतल्या टेलर या जादूगाराने आपल्या एका प्रयोगाच्या नकलेविरुद्ध २०१४ साली खटला जिंकला, तो त्या प्रयोगाला मूकनाट्य म्हणून संरक्षण मिळाले म्हणून. युक्तीवर कोणाची मालकी नसते, ही भूमिका न्यायालयाने कायम ठेवली. पण येथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. चार प्रेक्षकांनी डोके खाजवून अंदाज बांधणे हे जादूगाराच्या कलेला दिलेले उत्तर आहे. किंबहुना ते नसेल तर खेळ पुरा होत नाही. १९९७ पासून अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने मुखवटा घातलेला जादूगार उभा करून रंगमंचावरील युक्त्या ठोक भावाने उघड्या केल्या, त्यामागे मात्र जाहिरातींचा पैसा होता. पहिली कृती प्रेक्षकाच्या बुद्धीची, दुसरी भांडवलदाराच्या गल्ल्याची. दुसरीचा दोष पहिलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

आता पहिला पक्ष. काहीही पाहिले की ‘कॅमेऱ्याचा खेळ’ म्हणून हात झटकणारी मंडळी स्वतःला मोठी चिकित्सक समजतात. त्यांच्या संशयाला आधार नाही असे मात्र नाही. पॅरिसमधले रोबेर-हुदँ जादूगृह १८८८ साली विकत घेतलेला जॉर्ज मेलिएस हा जादूगार सिनेमाकडे वळला आणि १८९६ साली त्याने खुर्चीवर बसलेल्या बाईला चादरीखालून नाहीसे केले. रंगमंचावर याच प्रयोगासाठी खास घडवलेली खुर्ची आणि जमिनीतला चोरदरवाजा लागत असे, आणि त्यातून चपळाईने निसटणारी बाईही लागत असे. मेलिएसने यंत्र थांबवले, बाईला उठून जायला सांगितले आणि यंत्र पुन्हा चालू केले. सुताराचे, यंत्रकाराचे आणि त्या बाईचे सारे श्रम एका क्षणात अनावश्यक ठरले. मेलिएस हा प्रतिभावंत होता आणि सिनेमाला त्याने आपल्या कौशल्याचा भाग म्हणून उघडपणे वापरले, म्हणून त्याच्यावर लबाडीचा आरोप करता येत नाही. परंतु हात आणि कात्री यांच्यातला झगडा त्या दिवशी सुरू झाला, एवढे खरे.

दूरचित्रवाणी आल्यावर जादूगारांनाच हा धोका प्रथम कळला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये मार्क विल्सन याने सीबीएस वाहिनीवर साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याने काही नियम स्वतःवर लादून घेतले. समोर खरा प्रेक्षक बसवायचा, प्रयोगाच्या मध्येच कॅमेरा दुसरीकडे वळवायचा नाही, आणि कॅमेऱ्याची कसलीही करामत केलेली नाही हे घरच्या प्रेक्षकाला सांगायचे. डग हेनिंगने डिसेंबर १९७५ मध्ये एनबीसीवर आपला प्रयोग थेट प्रक्षेपित केला, त्यामागेही हाच विचार होता. काही चुकले तर सर्वांसमक्ष चुकेल. हा एक करार होता. प्रेक्षक म्हणत होता, मला फसव, पण हाताने फसव.

कराराचा भंग झाला तो पुढे, आणि वाहिनीच्या सोयीने झाला. १९९७ साली एबीसीवर डेव्हिड ब्लेनचा रस्त्यावरील जादूचा कार्यक्रम आला. ब्लेनचे पत्त्यांवरील प्रभुत्व वादातीत आहे. पण त्या कार्यक्रमातल्या हवेत तरंगण्याच्या दृश्याची कथा वेगळी होती. रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांसमोर पाऊल काही इंच उचलल्याचा भास देणारी एक जुनी युक्ती केली गेली, आणि घरी बसलेल्यांना मात्र आधार लावून वेगळे चित्रित केलेले उंच तरंगणे त्याच प्रसंगाला जोडून दाखवण्यात आले. लोकांचे आ वासलेले चेहरे एका प्रयोगाचे, तरंगणे दुसऱ्याचे. यात लबाडी नेमकी कोठे आहे हे पाहावे. जादूगाराने फसवले म्हणून कोणी तक्रार करत नाही. तो फसवणार हे ठरलेलेच असते. लबाडी साक्षीदारांच्या बाबतीत झाली. रस्त्यावरच्या त्या माणसांनी जे पाहिलेच नाही त्याला त्यांचे चेहरे साक्ष म्हणून जोडले गेले.

एवढे झाल्यावर ‘सगळाच कॅमेऱ्याचा खेळ’ म्हणणाऱ्यांचा पक्ष बळकट होतो असे वाटेल. पण एका कात्रीवरून सगळे हात खोटे ठरवणे हा आळस आहे. जो म्हणतो सर्वच खोटे, त्याला काहीच तपासावे लागत नाही. जो म्हणतो सर्वच खरे, त्यालाही तपासावे लागत नाही. दोघेही डोळे मिटूनच बसलेले असतात. आणि या आळसाची किंमत मोजतो तो हाताने काम करणारा माणूस.

अर्जेंटिनाच्या रेने लाव्हांदचे उदाहरण घ्यावे. १९२८ साली जन्मलेल्या या माणसाचा उजवा हात बालपणी मोटारीच्या अपघातात गेला. पत्त्यांच्या जादूची सारी पुस्तके दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली होती, त्यामुळे एका डाव्या हाताचे तंत्र त्याला स्वतःच घडवावे लागले. बँकेतली नोकरी करत त्याने ते घडवले. त्याचा गाजलेला खेळ असा की तीन तांबडी आणि तीन काळी पाने तो एकाआड एक टेबलावर मांडतो आणि ती आपापल्या रंगाच्या गटात परत गोळा झालेली निघतात. मग तो तेच अधिक सावकाश करतो. मग त्याहून सावकाश. चपळ हात डोळ्याला चुकवतो हा सर्वसाधारण समज त्याने उलटा केला. २०१५ साली तो वारला. त्याच्या चित्रफिती आजही पाहिल्या जातात, आणि त्यांवरही कॅमेऱ्याची करामत म्हणून शेरा मारणारा महाभाग भेटतोच. ज्या फितीत एकुलता एक हात, सहा पाने आणि टेबल एवढेच दिसते आणि दृश्य कोठे तुटत नाही, तिथे कॅमेऱ्याने काय केले हे सांगण्याची जबाबदारी या महाभागावर आहे. ती तो कधी पार पाडत नाही.

अमेरिकेतला रिचर्ड टर्नर हा दुसरा. त्याची दृष्टी लहानपणापासून जात गेली आणि तो आज पूर्ण अंध आहे. पत्ता वरून न देता दुसराच देणे, पिसल्यासारखे करून पानांचा क्रम राखणे या जुगाऱ्यांच्या विद्येत त्याच्या तोडीचे लोक विरळा. २०१७ साली ‘पेन अँड टेलर : फूल अस’ या कार्यक्रमात त्याने दोन्ही यजमानांना चकवले. हा कार्यक्रम प्रथम २०११ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला, आणि जादूचा वाद कसा करावा याचा एक चांगला नमुना त्यात आहे. येणारा जादूगार प्रयोग करतो. पेन आणि टेलर हे दोघे अनुभवी जादूगार तो कसा झाला याचा तर्क करतात आणि तो सांकेतिक भाषेत बोलून दाखवतात. ज्याला विद्या येते त्याला कळते, इतरांपुढे रहस्य उघडे पडत नाही, आणि तर्क चुकला तर हार जाहीरपणे कबूल केली जाते. शिन लिम याच कार्यक्रमातून जगभर पोहोचला. हा मूळचा पियानोचा विद्यार्थी. मनगटाच्या नसा दाबल्या जाण्याचा, टंकलेखकांना आणि यंत्रावर तेच ते काम करणाऱ्यांना होणारा विकार त्याला जडला, दोन्हींत सराव झेपेना, आणि त्याने पियानो सोडून पत्ते निवडले. पत्त्यांची जादू तो बऱ्याच अंशी चित्रफिती पाहूनच शिकला. जी फीत एका घरात वाद पेटवते तीच दुसऱ्या घरात शाळा होते, ही गोष्ट फितींना सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

तरीही हात खरा असला तरी कॅमेरा निष्पाप ठरत नाही. मंचावर किंवा रस्त्यावर प्रेक्षक आपली जागा स्वतः निवडतो. त्याला डावीकडे सरकता येते, वाकून पाहता येते, जादूगार उजवा हात नाचवत असताना हट्टाने डाव्याकडे बघता येते. चित्रफितीत त्याची नजर आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेली असते. कॅमेरा एकाच कोनात उभा राहिला की ज्या युक्त्या बाजूने उघड्या पडल्या असत्या त्या झाकल्या जातात. दहादा फसलेले प्रयोग टाकून अकरावा दाखवता येतो. पत्ता योगायोगाने ओळखला गेला तर तेवढाच प्रसंग ठेवता येतो आणि बाकीचे वीस लोक प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत. आणि अवाक् होणारा वाटसरू भाडोत्री असू शकतो. यांतली एकही गोष्ट फीत दहादा फिरवून पाहणाऱ्याला सापडत नाही, कारण ती फितीत नसतेच.

या कसोटीवर सर्वांत खरा उतरतो तो रस्त्यावरचा गारुडी आणि मदारी. त्याच्या चारही बाजूंना गर्दी असते, पोरे मांडीला मांडी लावून पुढ्यात बसलेली असतात, फसलेला प्रयोग वगळण्याची सोय नसते. पाठीमागूनही लोक बघत असताना वाटीखालची गोटी नाहीशी करणे हे एका कोनातल्या कॅमेऱ्यासमोर पत्ता बदलण्याहून कितीतरी अवघड आहे. या माणसाला आपल्या राज्याने दिलेली पदवी पाहण्यासारखी आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ याने भिकेच्या व्याख्येत गाणे, नाच, भविष्यकथन आणि खेळ करून दाखवणे यांच्या निमित्ताने पैसे मागणेही घातले. प्रयोग संपल्यावर फिरवलेली थाळी ही भीक ठरली आणि ती फिरवणाऱ्याला पकडून कोंडण्याची तरतूद झाली. दिल्लीत लागू केलेल्या याच कायद्याची बहुतेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवली; ज्या राज्याने हा कायदा जन्माला घातला त्याला मात्र तो निकाल लागू झाला नाही. इकडे कात्रीच्या आधाराने, ठरवून उभ्या केलेल्या वाटसरूंसमोर केलेली जादू जाहिरातीचे उत्पन्न मिळवते आणि ‘कलानिर्मिती’ म्हणवते. हातावर पोट असलेल्याला भिकारी आणि कात्रीवर पोट असलेल्याला कलावंत ठरवणारी ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग फीत पाहणाऱ्याने करावे काय? प्रथम, ‘कसे केले’ हा प्रश्न थोडा मागे ठेवून कॅमेऱ्याने काय दाखवले नाही हे पाहावे. पत्ता निवडल्यापासून उघडा होईपर्यंत दृश्य एकदाही तुटले काय? दोन्ही हात आणि कॅट एकदा तरी चौकटीबाहेर गेले काय? निर्णायक क्षणी कॅमेरा प्रेक्षकाच्या चेहऱ्याकडे का वळला? वादाची पहिली अर्धी फेरी या प्रश्नांवर व्हावी. त्यांतून फीत निभावली तर मगच बोटांकडे वळावे. आणि तेव्हा पहिली शंका चुटकीच्या क्षणाची नसावी, त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या क्षणाची असावी. जादूगार विनोद करतो, नाव विचारतो, पत्ते सहज सारखे करतो, तेव्हा.

याला आधार आहे. आल्फ्रेड बिने हे नाव बुद्धिमापनाच्या चाचणीमुळे शिक्षकांच्या परिचयाचे आहे. याच बिनेने सिनेमा जन्माला येण्याच्या उंबरठ्यावर पॅरिसच्या जादूगारांना बोलावून त्यांच्या हालचालींची जलद छायाचित्रमालिका काढवून घेतली आणि १८९४ साली त्यावर निबंध लिहिला. एकेक चित्र सुटे पाहिले तेव्हा भास पार मावळला. कॅमेऱ्याला जे सरळ दिसले ते माणसाला दिसले नव्हते. ब्रिटनमध्ये २००६ साली गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी चेंडू वर फेकणाऱ्या जादूगाराची फीत लोकांना दाखवली. दोनदा चेंडू खराच उडाला, तिसऱ्यांदा तो हातातच राहिला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितले की तिसऱ्यांदाही चेंडू वर गेला आणि हवेत विरला. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा मात्र आढळले की डोळे त्या नसलेल्या चेंडूमागे गेलेच नव्हते. डोळा फसला नव्हता. जादूगार वर पाहत होता म्हणून चेंडूही वर गेला असणार, असे मनाने परस्पर ठरवून टाकले होते. पुढारी कोणीकडे पाहतो त्यावरून चेंडू कोठे आहे हे ठरवण्याची ही सवय पत्त्यांच्या टेबलापुरती मर्यादित नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये हैदराबादला एका मंगल कार्यालयाच्या समारंभात सत्यसाईबाबांनी सोनसाखळी ‘निर्माण’ करून दिली. दूरदर्शनचा कॅमेरा तेथे हजर होता. त्या फितीत साखळी मदतनीसाच्या हातातून, स्मृतिचिन्हाच्या आडून बाबांकडे आलेली दिसते, असा दावा ‘डेक्कन क्रॉनिकल’ने नोव्हेंबरात पहिल्या पानावर केला, भक्तांनी तो फेटाळला. बी. प्रेमानंदांसारख्या जादूची विद्या जाणणाऱ्या बुद्धिवाद्याने त्या फितीचा पिच्छा सोडला नाही. चमत्कारवाल्यांची फीत कशी पाहावी हे त्यांना कळले, कारण आधी त्यांनी हातचलाखी कशी पाहावी हे शिकून घेतले होते. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हातातून उदी काढून दाखवतात आणि मग ती कशी निघाली ते सांगतात, त्यामागेही हेच शिक्षण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि अशा चमत्कारांच्या प्रचार-प्रसारातून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवला. चमत्काराची फीत फिरवणारा या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. पण पोलीस चौकीत ती फीत पाहणारा शिपाई आणि न्यायालयात पाहणारा न्यायाधीश यांनी आयुष्यात कधी पत्त्यांच्या जादूवर वाद घातला नसेल, तर कलम काय करील?

आता तर कॅमेराही न लागता, हातही न लागता, यंत्राने रचलेली हालती चित्रे मिळू लागली आहेत. त्यांत पत्ता कोणत्याही कोनातून, कोणत्याही अंतरावरून बदलतो आणि कात्रीची खूणही उरत नाही. पहिल्या पक्षाला यात आपला विजय दिसेल. पण लाव्हांदचा एक हात आणि हे यंत्र यांना एकाच ‘सगळे खोटे’च्या पोत्यात कोंबण्यानेच या यंत्राच्या मालकांचे फावणार आहे, कारण खऱ्या श्रमाची वेगळी किंमत मग कोणी मागणारच नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे आणि तिच्यासाठी नव्या आयोगाची गरज नाही. जादूची फीत दाखवणाऱ्या प्रत्येक वाहिनीने आणि प्रत्येक व्यावसायिकाने आरंभी चार गोष्टी लेखी द्याव्यात: चित्रण सलग आहे की तोडून जोडलेले, समोरचे प्रेक्षक अनोळखी आहेत की पैसे देऊन आणलेले, हा प्रयोग कितव्या प्रयत्नात साधला, आणि दृश्यात यंत्राने घातलेली भर आहे की नाही. युक्ती सांगू नये, ती जादूगाराची आहे. बाकीचे सांगावे, ते प्रेक्षकाचे आहे. मार्क विल्सनने १९६० साली, कोणत्याही कायद्याचा धाक नसताना, यांतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी स्वतःहून पाळल्या होत्या.